तुटक रेषा

पेटंटच्या चित्रांना रंग चालत नाही.
काळी शाई, पांढरा कागद, समास ठरलेले,
आणि प्रत्येक भागाला एक आकडा.
येना शहरात, भिंगांच्या कारखान्यामागच्या गल्लीत
एकोणीस वर्षं मी वेंडेलिन क्राहमरच्या डोक्यातली यंत्रं
कागदावर उतरवत होते.

तो शुक्रवारी यायचा, जेवणानंतर,
खिशात शहाजिरं, चष्म्याची दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.
केसाहून बारीक भोक पाडणारा माणूस,
आणि कोटाचं अस्तर सहा वर्षं लोंबत होतं.

बारा: लेसर. तेरा: आरसा.
चौदा: वस्तुभिंग, ज्याच्या पोटातूनच किरण खाली उतरतो.
पंधरा: काचेची बशी, सदतीस अंशांवर.
सदर किरण सदर भिंगातून सदर बशीतल्या सदर कवचावर;
वकील असं वाचू लागला की
वेंडेलिन खिडकीबाहेर नदीकडे बघत बसायचा.
नदीचं नाव झाले.
नाव झाले, आणि अजून चालूच आहे.

हा किरण तर दिसतच नाही, मी म्हटलं, काढू कसा?
एक रेघ, एक ठिपका, तो म्हणाला,
एक रेघ, एक ठिपका.
न दिसणाऱ्यांचीसुद्धा पद्धत ठरलेली असते.

आकृती तीन.
आठ पेशी, एकमेकींना रेलून बसलेल्या,
भोवती जाड, पारदर्शक कवच.
कवचाला आकडा मिळाला, सतरा.
आतल्यासाठी मी अठरा लिहायला घेतलं
तर त्यानं माझं मनगट धरलं.
ते आपलं नाही, रोस्विता.
आपण केलं नाही ते तुटक रेषेत.

तुटक रेषा म्हणजे:
हे इथं आहे, पण ह्यावर आमचा दावा नाही.

त्याची आई सहकारी पोल्ट्रीत रात्रपाळीला होती.
पिल्लाच्या चोचीवर एक दात असतो म्हणे,
कवच फोडण्यापुरता; मग गळून जातो.
काहींना तेवढंही जमत नाही, आतल्या आत टकटक करून थकतात.
तिथं ती अंगठ्याच्या नखानं एक टवका उडवायची.
एकच. जास्त सोललं तर पिल्लू दगावतं.
मी तेवढंच केलंय, तो म्हणायचा,
आईचं नख, मिलिसेकंदात बसवलेलं.
मग अर्जावर तिचं नाव कुठंय?
तो शहाजिरं चावत राहिला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
लाइपझिगच्या दवाखान्यात माझे तीन
कवचाच्या आतच थांबले होते,
हे यंत्र यायच्या कितीतरी आधी.
यंत्र असतं तरी बाहेर आले असते असं कोण सांगणार?
डॉक्टरीणबाईंनी फक्त खांदे उडवले होते.
आकृती तीन मी चार वेळा काढली.
पेनचं टोक अडकतंय, असं सांगितलं.

पेटंट वीस वर्षं जगतं.
त्याला जगवायला दरवर्षी पैसे भरावे लागतात,
आणि दरवर्षी जास्त.
इतर सहा त्यानं वाटेत सोडून दिली;
फिरती बशी, दुहेरी किरण, कुणीच न घेतलेलं ते हत्यार.
हे एक शेवटपर्यंत भरत राहिला, पेन्शनमधूनसुद्धा.

मार्चमध्ये मुदत संपल्याचं पत्र घेऊन आला.
आता कुणीही बनवावं, म्हणाला,
आणि मूळ चित्र बघायला मागितलं.
शाई जशीच्या तशी होती.
तो भिंगाशिवाय बघत होता, नाक कागदाला टेकवून.
फार गॅप ठेवल्यास, म्हणाला. वारा येईल.

कोट काढ, मी म्हटलं.
सुईत दोरा ओवला, काळाच,
आणि अस्तराला धावदोरा घालायला घेतला:
एक टाका, मग कापडाखाली नाहीसा, मग पुन्हा एक.
कोट उलटा केला तेव्हा आत साठलेलं शहाजिरं
आकृती तीनवर सांडलं.
काही दाणे कवचाबाहेर पडले, काही आत.
झटकू का, त्यानं विचारलं.
मी दात लावून दोरा तोडत होते,
बोलता आलं नाही.